काठावरची वाकडी झाडं

प्रिय छोटे,

परवा फोनवर तू विचारलंस, एका सहीसाठी एवढा कसला हट्ट. तेव्हा तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून फोन ठेवला. आता नीट ऐक. तूही याच वनखात्यात आहेस, फार समजवावं लागणार नाही.

जंगलाच्या पश्चिम काठावरची झाडं आठवतात ना? वाकडी, गाठाळ, लाकूड म्हणून कवडीमोल. बाबा वनरक्षक होते तेव्हा वारा सुटला की आपल्याला तिथे न्यायचे, बुंध्याशी जमिनीवर हात ठेवायला लावायचे. आतल्या सरळसोट झाडांखालची माती जराशा वाऱ्यानेही वरखाली व्हायची आणि तू माझी बाही घट्ट धरायचीस. काठावरची माती मात्र ढिम्म. त्या झाडांनी जन्मभर वारा अंगावर घेतला होता. आतली सगळी त्यांच्या आडोशाला लाडात वाढलेली.

साहेबांना नेमका तोच काठ तोडून रस्ता रुंद करायचाय, आणि धोका नाही अशा नकाशावर माझी सही हवीय. मी कॉम्प्युटरवर दोन नकाशे काढले. काठ ठेवला तर जंगल हिरवं. काठ काढला तर मोठ्या वादळात उतारावरची झाडं एकामागून एक आडवी होणार, खालच्या वस्तीपर्यंत सगळं लाल. साहेबांनी ते लाल पाहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. मग गोड आवाजात म्हणाले, वाऱ्याचा वेग जरा कमी धरा, नकाशा आपोआप हिरवा होईल. मी म्हटलं, आधी वाऱ्याला तसं कळवा, मग सही करते. चहा काही आला नाही. रस्ता पूर्वेकडून न्या, आतली झाडं हळूहळू विरळ करा म्हणजे तीही कणखर होतील, हेही सांगून पाहिलं. त्याला वर्षं लागतात, आणि साहेबांना सगळं याच वर्षी हवंय.

काल माझ्या बदलीचा हुकूम आला. माझ्या जागी कोण येणार ते मात्र शिपायाकडून कळलं. तूच येणार हे तू फोनवर बोलली नाहीस, बरं केलंस असं मी म्हणणार नाही. खुर्ची खुशाल घे, तिचं मला काही नाही. खरा नकाशा टेबलावर ठेवलाय. वाऱ्याचा आकडा बदलायचा असेल तर तुझ्या हाताने बदल. पण करवतवाले येतील तेव्हा मी सगळ्यात वाकड्या झाडाच्या बुंध्याशी बसलेली असेन, आणि मला तिथून उठवायचा हुकूम तुलाच द्यावा लागेल.

तुझीच,
हट्टी ताई