पडलेला भाव

१४ जानेवारी २०२५, मंगळवार
पाऊस ०.

सही केली नाही!

भागवत बेलापूरहून भंडारदऱ्यापर्यंत आला. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात हक्कसोडपत्र. तिळगूळ घ्या, गोड बोला, सही करा! धाकटा भाऊ आहे, म्हणून लाडू खाल्ला. कागद तसाच ठेवला.

आमचे वडील, आण्णा, जाऊन अकरा महिने झाले. पंपदुरुस्तीचं दुकान आणि घर, दोन्हींवर मी मागेच सही करून दिली, तीही हसत. दुकान भागवत चालवतो, घरात तोच राहतो. त्याचंच आहे ते. राहिले शेअर. आण्णांनी १९९६ साली नीरधारा पंप्सचे दोनशे घेतले, पंच्याऐंशी रुपयांनी एक. मिस्त्री माणूस शेअर घेतो म्हणून लोक हसले होते. आण्णा म्हणायचे, "मी धा वर्सं जुनी मोटर उघडतो. जिच्यात गंज न्हाई, ती कंपनी बुडायची न्हाई."

भागवतचं म्हणणं वेगळं. "अक्का, कंपनी एकदा बुडालेली हाय. २०१८ ला अकराशे पंचावन्नचा भाव एका रात्रीत दोनशे एकतीसवर आला. आता कुठं सहाशे धा झालाय. पुन्ना पडायच्या आत विकू. दोनशेचे होत्यात एक लाख बावीस हजार. तुझे एकसष्ट मी रोख देतो."

मी म्हटलं, बघते. तर म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं? तू आपला पाऊस मोज. रथसप्तमीला येतो, तवर सही करून ठेव."

बरं. मोजते.

१५ जानेवारी
पाऊस ०. जानेवारीत काय मोजता, म्हणून लोक हसतात. पण शून्यसुद्धा सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी जाऊन, बघून लिहायचं असतं. न बघता लिहिलेलं शून्य म्हणजे थाप. धरणाच्या ऑफिसात एकतीस वर्षं हेच करतेय.

अकराशे पंचावन्न. दोनशे एकतीस. डोक्यातून जात नाही. एका रात्रीत एवढा फरक? एवढा पाऊस तर आमच्या घाटघरच्या डोंगरातही पडत नाही!

१९ जानेवारी, रविवार
पाऊस ०.

स्नेहल आली. भागवतचीच मुलगी, संगमनेरला बँकेत आहे. बापाला न सांगता आली, हे तिनेच सांगितलं. मोबाईलवर कंपनीचा सगळा इतिहास दाखवला — १९९६ पासून आजवरची एकच निळी रेघ. मी २०१८ शोधलं. पडझड नाहीच! रेघ आपली सरळ चाललेली. मग भागवतने सांगितलेला आकडा कुठून आला?

तिने मागे मागे नेत १९९६ काढलं. म्हणाली, "आत्या, तेव्हा भाव सतरा रुपये होता. आजोबांना कुणीतरी पंच्याऐंशीला गळ्यात मारले."

मला राग आला. आण्णांना मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग कळायचं. सतराचा माल पंच्याऐंशीला घेतील? खरेदीची पावती माझ्याकडे आहे, पंच्याऐंशीची. रेघ खोटी की पावती खोटी?

मी म्हटलं, "मला रेघ नको. तारीखवार आकडे दे. रोजचा उघडताना काय, सर्वात वर किती, सर्वात खाली किती, बंद होताना काय." तिने शेअर बाजाराच्या साइटवरून काढून दिले. राजूरला जाऊन प्रिंट काढल्या. त्रेसष्ट पानं! दुकानदार म्हणाला, "पीएच.डी. करताय का मॅडम?"

२१ जानेवारी
पाऊस ०. पट्टी, पेन्सिल आणि त्रेसष्ट पानं. ह्यांनी दोनदा चहा केला. हृदयाची झडप बदलल्यापासून आमचे ज्ञानेश्वरराव घरातली सगळी कामं करतात, आणि प्रत्येक कामानंतर छातीवर हात ठेवून "चालू आहे" म्हणतात. हा विनोद त्यांना आण्णांनीच दिला. ऑपरेशनच्या वेळी आण्णा फोनवर म्हणाले होते, "मोटर चांगली हाय जावयबापू, झडप तेवढी बदलायचीय."

पानांवर मात्र पडझड आहे. भागवत खोटं बोलत नाही. आदल्या दिवशी बंद होताना ११५५, दुसऱ्या दिवशी उघडताना २३१.

एका मापकाचा आकडा वेडावाकडा आला की आम्ही शेजारच्या गावचा बघतो. स्नेहलला फोन करून दुसऱ्या दोन पंप कंपन्यांचे त्या दिवसाचे भाव मागवले. काही नाही. सगळीकडे कोरडं. वादळ आलं ते फक्त आण्णांच्या कंपनीवर?

२२ जानेवारी
पाऊस ०.

कळलं!

नोकरीला लागले त्या वर्षी साहेबांनी जुनी रजिस्टरं उतरवून काढायला दिली होती. एका वर्षापर्यंत पाऊस एकशे वीस, एकशे तीस. पुढच्याच वर्षी तीन हजार! मी धावत गेले — साहेब, पाऊस पंचवीसपट वाढला! ऑफिस आठवडाभर हसत होतं. पाऊस तेवढाच होता. इंच जाऊन मिलिमीटर आले होते.

आज सकाळी मापकापाशी उभी असताना ते आठवलं आणि तशीच घरी आले. अकराशे पंचावन्न भागिले दोनशे एकतीस. पाच. बरोबर पाच, ना कमी ना जास्त. पंच्याऐंशी भागिले सतरा. पाच! खरी पडझड इतकी मोजूनमापून होत नसते. माप बदललंय. एका शेअरचे पाच केलेत. भाकरी तेवढीच, तुकडे पाच.

पानांवर त्या त्या दिवशीचा भाव आहे, जसा होता तसा. स्नेहलच्या रेघेत मागचे सगळे भाव नव्या मापात बसवलेत, जसे आम्ही जुने इंच मिलिमीटरमध्ये उतरवले. पावती खरी, रेघही खरी. बापाला बुडालेली कंपनी दिसली, लेकीला फसलेला आजोबा. आणि आण्णांचे दोनशे शेअर आता हजार असणार!

एकसष्ट हजारांवर सही मागत होता. हजार शेअरचे सहा लाख होतात. मी पाऊसच मोजते, भागवत.

२४ जानेवारी
पाऊस ०. कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. बाई म्हणाल्या, "हो मॅडम, २०१८ ला दर्शनी किंमत दहाची दोन केली. एकाचे पाच." मी त्यांचं नाव, तारीख, वेळ लिहून घेतली.

२७ जानेवारी, सोमवार
पाऊस ०. (नोंद ह्यांनी घेतली. शिकवून ठेवलंय.)

पहाटेच्या एसटीने श्रीरामपूर. आण्णांचं शेअरचं खातं जिथे होतं तिथे भागवतला बोलावलं. खात्याचा उतारा हवा तर दोन्ही वारसांच्या सह्या लागतात. मी अर्ज पुढे सरकवला. म्हटलं, आधी ह्या कागदावर तू सही कर.

खूप भांडला. "दोनशेच हायत. आण्णांच्या हातचं लिवलेलं हाय माझ्याकडं." मी बॅगेतून त्रेसष्ट पानं काढली आणि काउंटरवर ठेवली. पट्टी पण काढली! पाचाचा भागाकार त्याच्याकडूनच करून घेतला. दुकानाच्या बिलांत तो एक पैसा चुकत नाही. दोनदा करून पाहिला. मग सही केली.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मला खरंच म्हाईत न्हवतं, अक्का." मला ते पटलं. त्याने फसवलं नाही, फक्त बघितलं नाही. तरी मी म्हणाले, "अर्धा वाटा घेणार. एकही कमी नाही." ठणकावून म्हणाले. स्टँडवरचे दोघे वळून बघायला लागले. बघोत.

१ फेब्रुवारी, शनिवार
पाऊस ०. उतारा आला.

हजार झाले होते, मी बरोबर होते. पण शिल्लक सातशे! तीनशे आण्णांनीच विकलेत. २३ मार्च २०२०, भाव एकशे बेचाळीस.

भागवतचा फोन. "बघ! लॉकडाउनच्या तोंडावर, पडल्या भावात विकले म्हाताऱ्यानं! लई हुशार म्हनं." मलाही राग आला आण्णांचा. चोवीस वर्षं धरून ठेवले आणि त्याच आठवड्यात हात सुटला?

२ फेब्रुवारी
पाऊस ०. पानं पुन्हा काढली. पाच तुकडे झाल्यापासून आजवरचा सर्वात खालचा आकडा त्याच दिवसाचा आहे. इतका खाली की पेन्सिलने आधीच मी त्याच्याभोवती गोल केला होता. आठ महिन्यांत भाव दुप्पट. आण्णा घाबरणारे नव्हते. बातम्या बघून विकणारे तर मुळीच नव्हते.

काहीतरी वाचायचं राहिलंय माझं.

३ फेब्रुवारी
पाऊस ०. माळ्यावरून माझ्या जुन्या वह्या काढल्या. उतरवून घेते:

"२६ मार्च २०२०. पाऊस ०. ह्यांना आज नाशिकच्या दवाखान्यातून सोडलं. आण्णांनी बेचाळीस हजार पाठवले तेव्हा ऑपरेशनचं बिल भागलं. एवढे कुठून आणले विचारलं, तर म्हणाले, जुनी उधारी वसूल झाली."

तीनशे गुणिले एकशे बेचाळीस, बेचाळीस हजार सहाशे. सगळी दुकानं बंद, रस्ते बंद, आणि उधारी वसूल झाली म्हणे! मी तेव्हा तशीच लिहून ठेवली. खूप रडले आज. ह्यांनी विचारलं काय झालं. मी वही मिटून ठेवली.

भागवतला हे माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. रथसप्तमी
पाऊस ०. भागवत आला. साडेतीनशे-साडेतीनशे असा कागद करून आणला होता, कुरकुर न करता. मी दोन्ही आकडे खोडले. माझ्यापुढे पाचशेतून तीनशे वजा करून दोनशे लिहिले, त्याच्यापुढे पूर्ण पाचशे. "हे काय अक्का?" म्हणाला. ह्या वह्या मी आजवर कुणाला दाखवल्या नव्हत्या. २६ मार्चचं पान उघडून त्याच्या हातात दिलं.