राजनंदिनीचा ठावठिकाणा

१ डिसेंबर २०२५, सकाळी ७
आजपासून शास्त्रीय नोंदी. एंजलने अखेर लॉगिन दिलं. आमची ही पोरगी रत्नागिरीला शार्कच्या पाठीवरच्या पंखाला टॅग लावते. पंख पाण्याबाहेर आला की टॅग सॅटेलाइटला सिग्नल पाठवतो आणि नकाशावर ठिपका उमटतो. पाच शार्क सोडले, चार टॅग बंद पडले. उरली तीन नंबरची मादी. मी तिचं नाव राजनंदिनी ठेवलं. ती जिथे परत परत जाईल तिथे मासळी भरपूर, तेव्हा तो पट्टा राखून ठेवा, असं एंजल वीस तारखेला समितीपुढे मांडणार. सगळी भिस्त या एका ठिपक्यावर.
एंजल म्हणाली, पप्पा, फक्त बघायचं. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय, हे ती विसरते.
संकल्प: दिवसातून दोनदाच बघणार.

३ डिसेंबर
आज अकरा वेळा. सुरुवातीला चालतं.
फिलोमिना म्हणते, माशाचं काय विचारता, पोरगी नाताळाला येणार का ते विचारा. बायकांना विज्ञानात रस नसतो. मला एंजलची आठवण वगैरे येत नाही. मी कामात आहे.

६ डिसेंबर, दुपारी ३
दोन दिवस ठिपका नाही. जेवण गेलं नाही. अपचन असावं. एंजलला चार फोन केले. तिलाही झोप नाही म्हणे.

७ डिसेंबर, रविवार
चर्चमध्ये राजनंदिनीसाठी प्रार्थनेची विनंती केली. पाळकांनी विचारलं, कुठल्या दवाखान्यात आहे? अरबी समुद्रात, म्हणालो. त्यांनी यादीतलं पुढचं नाव घेतलं.
संध्याकाळी ठिपका आला! खाडीच्या तोंडाशी.

११ डिसेंबर
चार दिवस राजनंदिनी एकाच जागी! आधी दिवसाला दोन-तीन सिग्नल यायचे, आता वीस-वीस. खुशीत दिसते. एंजलचा आवाज मात्र बारीक. काहीतरी गडबड आहे म्हणाली. अनुभव कमी पडतो. आमच्या सोनईच्या शिवारात बिबट्या उसात मुक्काम का ठोकतो? आडोसा, पाणी, कुत्री. राजनंदिनीला तिचा ऊस सापडला, इतकं सोपं आहे.
शेजारच्या गोरक्षला हे समजावलं. गेल्या साली त्याच्या उसात दोन बिबटे धरले. तो म्हणाला, "सर, बिबट्या चार दिस येका जागी ऱ्हातच न्हाई. ऱ्हायला तर त्यो मेलेला तरी हाय, न्हाईतर पिंजऱ्यात." माझाच विद्यार्थी. भूगोलात पस्तीस.

१२ डिसेंबर
समितीला परस्पर ईमेल. चार पानं, नकाशा, शिवाय बिबट्याचं उदाहरण. सही: एंजलचे वडील व मार्गदर्शक. तिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१४ डिसेंबर, सकाळी ९.१०
राजनंदिनी रस्त्यावर आहे.
९.२५. नकाशाची चूक असणार.
९.४०. ताशी चाळीस किलोमीटर. पेट्रोल पंप ओलांडला.
१०.०५. बाजाराजवळ थांबली.

१५ डिसेंबर
एंजलचा फोन. राजनंदिनी केव्हाच ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून मेली होती. बोट इंजिनदुरुस्तीसाठी खाडीत उभी होती आणि टॅग बोटीवरच्या दोरीच्या ढिगात पडलेला. पाण्याबाहेर, म्हणून सिग्नलच सिग्नल. काल ती दोरी टेम्पोने बाजारात गेली, तिथून एंजलने टॅग सोडवून आणला. मला वाटलंच होतं, म्हणालो.
मग म्हणाली, समितीच्या कार्यालयात तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. सगळे हसले. वीस तारखेची बैठक आता मार्चमध्ये. तोवर नवी शार्क शोधायची.
रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

२३ डिसेंबर
आठ दिवस एंजल फोन घेत नाही. पण ठिपका कराडला! तिथून साताऱ्याकडे! टॅग तिच्यापाशीच असणार. म्हणजे पोरगी नाताळाला घरी येतेय. रागावलेली माणसं न सांगताच येतात. फिलोमिनाने करंज्यांचा आणखी एक घाणा काढला. मी माफीची सात वाक्यं पाठ केली. तिसऱ्यात अडखळतो.

२४ डिसेंबर, सकाळी ८
सुपा.
९.३०. नगर. दाढी केली.
१०.१५. घोडेगाव! सोनईच्या स्टँडवर उभा आहे. हातात करंज्यांचा डबा.
१०.५०. बस आली. एंजल नाही.
११.०५. ठिपका आमच्या घरावर! दुसऱ्या गाडीने गेली वाटतं. पळतो.

दुपारी १
कुरिअर होतं. खोक्यात टॅग, अँटेना वाकलेली. सोबत चिठ्ठी: "पप्पा, बॅटरी संपत आलीय, हा आता परत लावता येत नाही. शाळेतल्या मुलांना दाखवा. मी सहा नंबरच्या शार्कसाठी बोटीवर आहे, नेटवर्क नसतं. नाताळाला जमणार नाही. तुमचं लॉगिन तीन नंबरपुरतंच ठेवलंय. आईला सांगा."
म्हणजे आता सॅटेलाइटवरून मला फक्त माझंच घर दिसतं.
फिलोमिनाने विचारलं, पोरगी आत्ता नेमकी कुठे आहे? भिंतीवर नकाशा होता. बोट ठेवता आलं नाही.

दुपारी ४
घराच्या स्लॅबखालून टॅगचा सिग्नल जात नाही. गच्चीच्या कठड्यावर ठेवला. किनाऱ्याला आल्यावर एंजलने कधी तीन नंबर उघडला, तर आम्ही घरी आहोत हे तिला दिसेल. पण ठिपका चार दिवस एकाच जागी राहिला तर पोरगी काय समजेल? म्हणून दर तासाला टॅग या कठड्यावरून त्या कठड्यावर नेतो आहे. एवढ्याने नकाशावर काही फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे.