टिटवीचा कोपरा

२० मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही सगळे कसे आहात हे विचारत नाही, कारण ते परवाच डोळ्यांनी पाहून आले.

इकडे पंखा अजून कुरकुरतो. माझ्या खोलीतली मैत्रीण त्या आवाजातही ढाराढूर झोपते. प्रबंध लिहून झाला होता. सर म्हणाले, "बाकी सगळं पुस्तकांतून आलंय, पण तुझ्या भावानं पाहिलेलं जे लिहिलंयस ना, ते जिवंत आहे." मला इतका आनंद झाला की म्हटलं, हे फोनवर नको, तुझ्यासमोर बसून वाचून दाखवू. म्हणून न कळवता आले.

तू बाजारात गेला होतास. वहिनीनं चहा टाकला. मी पिशवी दारातच ठेवून थेट शेताच्या टोकाला गेले, आपल्या टिटवीच्या कोपऱ्याकडे.

तिथं कांदे होते. छान पोसलेले, अगदी कुंपणापर्यंत. क्षणभर वाटलं मीच वाट चुकले. आपल्याच शेतात!

वहिनीला वाटलं मला माहीत आहे. ती हसतच म्हणाली, "अगं, तू गेलीस आणि चार दिवसांत ह्यांचे हात शिवशिवायला लागले, नांगर फिरलाच तिथं. आता रविवार आला की सकाळपासून धांदल, आज तुला फोनवर सांगायला टिटवीला काय करायला लावू म्हणून!" मीही हसले. मग चहा तसाच ठेवून बस पकडली. मी आल्याचं तुला सांगायचं नाही, असं तिला बजावलं होतं. तिच्यावर रागावू नकोस.

दादा, बाबा नांगरत होते तेव्हा ती अंडी पहिल्यांदा तूच पाहिलीस. तूच ओरडून ट्रॅक्टर थांबवलास, भोवती काठ्या रोवल्यास, आणि बाबांनी नांगर वळवून नेला. मी तुझ्या शर्टाला धरून उभी होते. जमीन आपली, मग एवढा कोपरा कुणाचा? हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही. शेतातली मुलगी तत्त्वज्ञानात कशी आली, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. शिकायला निघाले तेव्हा तू म्हणालास, "जा बिनघोर. त्या कोपऱ्यात मी नांगर घालणार नाही." मी मागितलं नव्हतं. तू आपणहून म्हणालास.

आणि मग दर रविवारी फोनवर सांगत राहिलास. आज ती पंख मोडल्याचं सोंग करून कुत्र्याला लांब घेऊन गेली. आज पोटाची पिसं भिजवून अंड्यांवर येऊन बसली. मी लिहून घेत गेले. आता कळतं, ते सगळं त्याच एका वर्षाचं होतं, आपण दोघांनी पालथं पडून पाहिलेलं. आपलंच लहानपण शिळं गरम करून तू वाढत होतास, आणि मी मिटक्या मारत होते.

काल सरांना खरं सांगितलं. तो भाग काढावा लागला, पदवी पुढच्या सत्रावर गेली. वाईट वाटतंय, पण ते गिळेन.

गिळवत नाही ते वेगळंच. तू सरळ म्हणाला असतास, "मला तिथं कांदे लावायचेत," तर मी कडाकडा भांडले असते. अबोला धरला असता. पुस्तकांतले मोठमोठे शब्द तुझ्या अंगावर फेकले असते, तूही चार शब्द सुनावले असतेस. पण तू मला भांडणाच्याही लायकीची समजला नाहीस. तान्ह्या पोरीच्या हातात खुळखुळा द्यावा तशी ती टिटवी दिलीस. सगळ्या घराला ठाऊक, फक्त मला नाही. फसवलंस तू मला, दादा. गोड बोलून फसवलंस.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? मला त्या रविवारांची आठवण येते.

ह्या रविवारी फोन करू नकोस. केलासच, तर टिटवीचं नाव काढू नकोस. कांद्याचं सांग. पाणी कधी दिलंस, पात पडायला लागली का, कोपऱ्यातला कांदा बाकीच्यापेक्षा मोठा धरला का. जे असेल ते खरं सांग. भांडायचं कसं ते मग मी बघते.

आता भांडण्याइतकी मोठी झालेली,
तुझी बहीण