पहिला डाव पाहुण्याचा

बाबा, बस स्टँडजवळच्या तुमच्या सायकल दुकानासमोरचा दगड आता माझ्या अंगणात आहे, पेरूच्या झाडाखाली. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान गेलं, पण तो दगड मी चार माणसं लावून उचलून आणला. तुम्ही छिन्नीनं कोरलेल्या वाघ-बकरीच्या रेघा अजून बोटाला लागतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी दोन ओळी लिहाव्यात असं मनात आलं नाही. मेलेल्या माणसाला काय लिहायचं, असं म्हणणारी मी. पण आज तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंही नाही, आतल्या खोलीत बॅग भरून राहिली आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघते, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. जाते आहे ती तुमच्याच खेळापायी, तेव्हा तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

दुकान आठवलं की मला आधी ट्यूबला लावायच्या सोल्यूशनचा वास येतो. पंक्चर शोधायच्या घमेल्यातलं पाणी काळं झालेलं, तुमची बोटं त्याहून काळी. मी शाळेतून येऊन दगडाच्या कडेला बसले आहे. मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर लुंगी लावून तुमच्यासमोर बसला आहे. तीन मोठे नट हे वाघ, ते त्याचे. गंजलेले वायसर, त्या भोकवाल्या चकत्या, म्हणजे बकऱ्या, त्या तुमच्या. वाघानं बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या जागेत उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी वाघांना सगळीकडून कोंडलं की वाघ संपले. म्हणून वायसरच्या मागची जागा उघडी टाकायची नाही, एवढीच सारी हुशारी. आपल्या अर्जुनी गावात तुम्हाला हरवणारं कोणी नव्हतं, आणि तुम्ही त्या परक्या माणसाला मटामट बकऱ्या खाऊ घालत होता! मी ओरडलेच, "बाबा, मागची जागा उघडी काऊन सोडली?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की माझी बोबडी वळली. ड्रायव्हर पाणी प्यायला उठला तेव्हा दबक्या आवाजात म्हणालात, "पाहुण्याले पहिला डाव द्या लागते. अन् दिला हे त्याले दिसाले नाई पाहिजे. तू बोंबलून माहं नाक कापून रायली." मग दुसरा डाव मांडला आणि त्याचे तिन्ही वाघ असे कोंडले की तो डोकं खाजवत बसला. मी विचारलं, आता का नाही सोडला? तर हसून म्हणता कसे, "दुसऱ्या डावात थो आपला झाला. आपल्या मानसावर कायची दया?"

माझ्यावर तुम्ही कधी दया केली नाही. एकदाही नाही. रडायला लागले तरी नाही. आईनं "पोरगी आहे, जिंकू द्या एखादवेळी" म्हटलं तरी तुम्ही ढिम्म. मला त्याचा केवढा राग यायचा, आणि आतून केवढा माजही होता. मग लग्न झालं, मी चंद्रपूरला गेले, आणि पहिल्यांदा माहेरी आले. आठ दिवस राहीन म्हणाले होते. तुम्ही हात धुऊन आलात, दगडावर फडकं मारलं, "चाल, वाघ घे." पाचेक चाली झाल्या असतील, आणि तुमच्या वायसरच्या मागची जागा उघडी. मी उडी मारली. मग दुसरी. बघता बघता मी जिंकले, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी जिंकले, आणि हसायला तोंड उघडलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मी सारे वायसर हातानं उधळले. "मी पाहुणी झाली का तुमच्यासाठी?" तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेक वायसर गोळा केलात. म्हणालात, "चहा घेशीन?" बस्स. त्याच संध्याकाळच्या गाडीनं मी निघून गेले, आणि पुढच्या पोळ्याच्या आत तुम्हीच गेलात. आपला दुसरा डाव राहिला तो राहिलाच.

आता नातीचं ऐका. पुण्यात कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या नोकरीत होती. एका सुट्टीत या दगडावर माझ्याशी खेळली, सात वेळा हरली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मी हा खेळ पेटीत घालणार." नोकरी सोडून दोन वर्षं हेच केलं तिनं. पटावर आपलं जंगल काढलं, मोहाची झाडं, कडेला धानाच्या बांधीत सारस. नट-वायसरांच्या जागी लाकडाचे वाघ आणि बकऱ्या. बाबा, जगभर खेळांचे मेळे भरतात, तुम्ही हसाल, पण शंकरपटाला बैलांच्या शर्यती बघायला गर्दी होते तशी मोठमोठ्या हॉलमध्ये गर्दी, आणि सगळी खेळायला आलेली. एकीकडे अंधारात पडद्यांवर गोळ्या सुटताहेत, मधून चेहरे रंगवलेली, पाठीला पंख लावलेली पोरं फिरताहेत आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातल्यासारखी, आणि दुसरीकडे रांगेनं टेबलं, प्रत्येकावर कुणी ना कुणी पट मांडून बसलेलं. पुण्याच्या मेळ्यात लोकांनी कौतुक केलं आणि पुढं गेले. बंगळुरूला आमचं टेबल संडासाच्या दाराशी, तिथं तर लोक रस्ता विचारायलाच थांबायचे. शेवटचा मेळा जर्मनीतला, तिथंही मी सोबत. पोरीनं मला विमानातच सांगून टाकलं, "तिथं एखाद्या कंपनीनं घेतला तर घेतला. नाही तर पेटी माळ्यावर, आणि मी गुपचूप नोकरीवर." गुपचूप हा शब्द ती अशी म्हणाली की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

तिथं खेळ छापून देशोदेशी विकणारी एक कंपनी होती. तिच्या मुख्य बाईंनी अर्धा तास दिला होता. अर्धा म्हणजे अर्धाच, कारण मागं दुसरा माणूस काखेत त्याची पेटी धरून उभाच होता. बाई माझ्याच वयाच्या, आखूड पांढरे केस, हसण्याचं नाव नाही. नियम पोरीनं सांगितले, खेळायला मला बसवलं, "तुझा हात बसलाय आई, फक्त नीट खेळ." बाईंनी वाघ घेतले. मी बकऱ्या मांडायला लागले आणि काय सांगू बाबा, हाताला कुणी विचारलंच नाही. समोर परकी बाई, लांबून आपल्या टेबलाशी आलेली, पहिलाच डाव. माझ्या हातानं मागची जागा उघडी सोडली, अशी बेमालूम की तुम्हीही मान डोलावली असती. बाई भराभर खात सुटल्या. डाव संपला तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "चित्रं सुंदर आहेत. पण वाघ कसाही खेळला तरी जिंकतो. बकऱ्यांना काही वावच नाही. असा खेळ मी विकू शकत नाही." टेबलाखाली पोरीनं माझा पाय असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. "आई, तू मुद्दाम केलंस? आज? इथं?"

सांगून टाकायचं होतं मला, की बाई, मी हरले नाही, मी तुम्हाला दिला. एका वाक्यात खेळ वाचला असता. पण ते पाहुण्याला सांगायचं नाही ना! तुमचं ते पाहणं माझ्या जिभेवर येऊन बसलं. इंग्रजी होतं नव्हतं ते सगळं पळालं. एवढंच म्हणाले, "वन मोर. प्लीज." बाईंनी घड्याळ पाहिलं, मागच्या माणसानं घसा खाकरला. पण पुन्हा वाघ घेतले त्यांनी. मग मात्र मी तुमची पोर झाले. एक जागा उघडी ठेवली नाही. एक वाघ कोपऱ्यात, दुसरा झाडाखाली, तिसरा सारसापाशी, हलायला जागा नाही. बाईंनी पटाकडे बघत हळू विचारलं, "हे मघाशी का नाही केलंत?" मी बकऱ्या गोळा करायला लागले. पोरीनंच सांगून टाकलं, "कारण मघाशी तुम्ही पाहुण्या होता." बाईंचा चेहरा लाल झाला. "मला कुणी फुकट जिंकवलेलं चालत नाही," त्या म्हणाल्या, "हा माझा अपमान आहे," आणि खुर्ची मागं सरकवून उठल्या.

ती खुर्ची सरकली आणि मला मीच दिसले, वायसर उधळणारी. मी त्यांचा हातच धरला, जर्मनीतल्या त्या हॉलमध्ये, मोडक्या इंग्रजीत. म्हटलं, बाई, माझ्या बापानं मला असंच जिंकवलं होतं आणि मीही अशीच उठले होते. नंतर दुसरा डाव मिळालाच नाही. तुम्ही तर थांबलात, खेळलात. आमच्याकडे खरा डाव फक्त आपल्या माणसाशी खेळतात, तो आत्ता झाला आपला. पोर खाली मान घालून बसलेली. मग मागच्या माणसाला बाईंनी हातानंच थांब म्हणून सांगितलं आणि बसल्या. "बकऱ्या मला द्या." तिसऱ्या डावात त्यांनी मला असं कोंडलं, बाबा, की मला हसू आवरेना. पण होकार दिला नाही. पेटी तेवढी काखेत मारून निघून गेल्या.

पुढचा महिना या घरात कुणी धड जेवलं नाही. पोर फोन घेऊन गच्चीवर, मी भाजी करपवून राहिलेली. तुमचा जावई म्हणे, दोघींनी मिळून घराचा दवाखाना केला. शेवटी एक दिवस फोन आला. घेतला खेळ! मी पोरीला मिठीत घेऊन अंगणात नाचले, शेजारी पेढे दिले, तेव्हा कुठं तिनं बाकीचं सांगितलं. कंपनीची एक अट आहे. तिनं वर्षभर पेटी घेऊन मेळ्यामेळ्यांतून फिरायचं, अमेरिका, जपान, इंग्लंड, आणि टेबलाशी बसून लोकांना खेळ शिकवायचा. राहायचं कंपनीच्याच गावी, जर्मनीत. घरी येणं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मी म्हटलं, अरे वा, जग बघशील. आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच होते ते.

आज जेवणं झाल्यावर ती बाहेर आली, दगडावर फडकं मारलं, तुमचे नट आणि वायसर डब्यातून काढले. "चल आई, वाघ माझे." मी बकऱ्या मांडत गेले. पेरूच्या पानांतून ऊन पटावर पडलं होतं आणि मला रेघा नीट दिसत नव्हत्या, ते उन्हानं नव्हे. मी ठरवलं नव्हतं हो, खरं सांगते. पण हातानं एका वायसरच्या मागची जागा उघडी सोडली. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तुमच्या हाताला काय झालं होतं. पोरीनं नट उचलला. तो वायसरवर धरला. आणि परत होता तिथं ठेवून त्या उघड्या जागेवर बोट टेकवलं. "इथं ठेव. मी पाहुणी नाही तुझी. नीट खेळ." मी वायसर ठेवला. मग तिला कोंडली, चांगली कोंडली, आणि ती "तुला माया नाही कुणाची" म्हणत चिडून आत गेली. आता तिथं चेन लागत नाही म्हणून बॅगेवर बसली आहे.

हे कागद दगडाखाली सरकवून देईन, दुसरीकडे पाठवणार तरी कुठं. पण एक राहिलं. मी आजवर सगळ्यांना, त्या जर्मनीच्या बाईलाही, हेच सांगत आले की बापानं मला पाहुणी केलं म्हणून त्या संध्याकाळी रागानं निघून गेले. तुम्ही काही बोलला नाहीत, पण दुकानातून तुम्हाला दिसलंच असणार. त्या सकाळी गाडीतून उतरल्यावर, घराकडे वळायच्या आधी, मी स्टँडच्या खिडकीवर त्याच संध्याकाळची परतीची गाडी विचारून आले होते.