अम्मीचा रोजा

पुसद, २८ जानेवारी १९६३

पहिला रोजा! यंदा तीसही धरणार. थोरला भाऊ रऊफभाई हसला – "पोरीहीचे तीस कधी होत नाहीत." का, ते त्यालाही माहीत नाही. त्याचा रोजा म्हणजे दिवसभर थुंकणे. थुंकी गिळली तर तुटतो म्हणे. अंगणातून चालायची सोय नाही.

३१ जानेवारी

आज खोटे बोलले नाही. कोणाची चुगली केली नाही. फार कंटाळवाणा दिवस.

४ फेब्रुवारी

भयंकर! दुपारी पाणी ओतायला गेले, तर अम्मी रांजणामागे बसून भाकर खाते आहे. तेलातल्या चटणीशी! मला पाहून पदर तोंडावर ओढला. "इथं काय करतेस? जा, नमाज पढ."

संध्याकाळी तीच अम्मी खजूर हातात धरून बांगेची वाट पाहत बसली. चेहरा अगदी रोजेदाराचा!

५ फेब्रुवारी

न राहवून कौसल्याला सांगितले. वर्गात माझ्या शेजारी बसते, वयाने मोठी. पोट धरून हसली. "आम्ही त बुद्धाची दीक्षा घेतली तवाच उपास सोडले. लपाचं कामच नाही."

"पण हे पाप आहे!"

"अवं बाई, तुले समजन एक दिवस."

मला काय समजायचे? पाप ते पाप.

७ फेब्रुवारी

कुराण शिकवणाऱ्या उस्तानीबींना आडून विचारले – एका मुलीची आई रोजात लपून खाते, तर मुलीने काय करावे? त्यांनी ओढणी तोंडाला लावली. खांदे हलत होते. रडत असाव्यात. मग म्हणाल्या, "बेटी, दुसऱ्याचा ऐब झाकावा. अल्ला आपला झाकतो."

पण माझ्यात ऐब, दोष असा नाहीच!

उद्या जुम्मा. इफ्तारला अब्बांना सगळे सांगणार. अम्मीच्याच भल्यासाठी.

८ फेब्रुवारी

शाळेतून रडत आले. परकराला डाग!

अम्मीने धुतलेले जुने कापड दिले, घडी शिकवली. "या दिवसांत रोजा माफ. ईदनंतर भरून काढायचा. मर्दांसमोर मात्र खायचं नक्को." मग मला रांजणामागे बसवले. भाकर, चटणी. स्वतः दारात पहाऱ्याला उभी.

इफ्तारला रऊफभाई म्हणाला, "बारा रोजे झाले का गं?"

मी खजूर हातात धरून बांगेची वाट पाहत होते. चेहरा अगदी रोजेदाराचा.