ऑनलाइन वर्गातली ताई

मोईज,

संसार होता तोवर तुला ‘अहो’ म्हणत आले. आता नाही म्हणणार.

चाकणच्या कंपनीतले मित्र जेवायला आले की तू त्यांना सांगायचास, ‘आमची बेगम गणितात नापास!’ स्वतः मात्र इंजिनिअर म्हणून मिरवायचास. शेवटी ‘अडाणी बाईबरोबर जमत नाही’ म्हणत मला सांगवीला भावाच्या दारात सोडून गेलास.

यंदा मी चिंचवडच्या एका कॉलेजचा बीजगणिताचा ऑनलाइन वर्ग लावला. शाळा सुटलेल्यांना तिथे अगदी पहिल्यापासून शिकवतात. शेजारच्या जास्मिनच्या फोनवरून बसते, म्हणून पडद्यावर तिचंच नाव दिसतं.

एक दिवस त्याच पडद्यावर तुझं नाव आलं, आडनावासकट. तरी माझा विश्वास बसेना. मग विजयश्री मॅडमनी तुला विचारलं, ‘दोन एक्स अधिक सहा बरोबर चौदा, तर एक्स किती?’

‘मॅडम, नेटवर्क नाही,’ तू म्हणालास. आवाज तुझाच होता.

मी उत्तर लिहिलं, चार. मॅडम म्हणाल्या, ‘जास्मिन, यांना जरा समजावून द्या.’ मी चॅटमध्ये सगळं नीट लिहून दिलं. तुझा निरोप आला, ‘थँक्यू ताई. माझी दहावी राहिलीय, कुणाला माहीत नाही.’

तेव्हापासून प्रत्येक गणित तू मलाच विचारतोस. हे पत्र मी पाठवणार नाही, नाहीतर वर्ग सोडून पळशील. मी तुला जीव ओतून शिकवतेय, मोईज. पास करूनच सोडणार. निकाल लागला की तुझ्या त्या सगळ्या मित्रांना पेढे मी वाटणार आहे, आणि ते कशाचे आहेत तेही मीच सांगणार आहे.

अलमास