गारगोटीला आता कुणी जात नाही

अण्णा,

आज कामावर नव्या पोरांना शिकवत होते. काचेच्या एकाच धाग्यातून प्रकाशाचे कितीतरी रंग एकदम जातात, प्रत्येक रंगावर वेगळ्या गावाचे फोन, आणि कुठला रंग कुठं वळवायचा ते पेटीतले बारीक आरसे बघतात. माणूस लांब खुर्चीत बसून नुसता हुकूम सोडतो. एकानं विचारलं, "मॅडम, पूर्वी कसं करायचे?" म्हटलं, "माझे वडील जायचे." पोरं हसली. त्यांना वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा कसली. रविवार आहे, आई ताट वाढतेय, तुम्ही पाटावर बसताय न बसताय तोवर फोन. कुठंतरी केबल तुटली, गारगोटी गावाचा रंग दुसऱ्या वाटेनं फिरवा. की आली दारात टेलिफोन एक्स्चेंजची जीप. गारगोटीला जाऊन एका भोकातली पिवळी वायर काढून दुसऱ्यात बसवायची, एवढंच काम, आणि त्यापायी आमचा अख्खा रविवार पाण्यात. एकदा मी चिडून रिसीव्हरच काढून ठेवला. तुमचं जेवण निवांत झालं, आणि हात धुताय तोवर जीपचा ड्रायव्हर दारात हजर. तुम्ही मारलं नाहीत. चपला सरकवत म्हणालात, "तुला बाप पायजे, व्हय. पण तिकडं कुणाचा बाप दवाखान्यात असंल, त्येच्या पोरांनी फोन कुठनं करायचा?" राग मात्र गेला नाही.

त्या रागापायीच मी या धंद्यात शिरले म्हणा ना. बेंगळुरात नोकरी लागली ती हे आरसे वळवायचीच, आणि आमच्या पेट्या गारगोटीला आणि तुमच्याच एक्स्चेंजात बसवायला मी आले. तुम्ही तुमच्याकडच्या पेटीभोवती दोनदा फिरलात. "मग आता गारगोटीला कोण जाणार?"

"कुणीच नाही, अण्णा. लांबनंच वळतंय."

"बरं झालं की," म्हणालात, आणि निघता निघता, "च्या मात्र झकास करायचा तिथला गडी."

त्यानंतर रविवारी तुम्ही घरी असायचात. आई फोनवर सांगायची, आज दोनदा रस्सा मागून घेतला, मिठावरनं भांडले, कुरुंदवाडला असतानाचा कुठलासा किस्सा रंगवून सांगितला. मी तिकडं मेसचा भात चिवडत ऐकायची. येते, येते म्हणत राहिले, आणि पेन्शन सुरू व्हायच्या आतच तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहू दे माझ्यापाशीच. आईला हे सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला रविवारी घरी बसवलं मी, आणि तुमच्यासोबत जेवली ती. मला तिचा हेवा वाटतो, अण्णा. अजून वाटतो.